आधी माती, मग मशीन

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात. एक म्हणजे रेल्वे स्टेशनच्या दारातली चौकट. तिच्यातून सगळे जातात, ती सगळ्यांवर पिं पिं करते आणि कोणीही वळून बघत नाही. दुसरी म्हणजे प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये दरवर्षी न चुकता असणारं मॉडेल. तांब्याच्या तारेची कॉइल, दोन ऑसिलेटर, एक छोटा स्पीकर आणि समोर पाच रुपयांचं नाणं. नाणं जवळ नेलं की आवाज बदलतो, परीक्षक मान डोलावतात, टर्मवर्कचे मार्क पडतात, विषय संपतो. पण याच घराण्यातलं एक तिसरं मशीन आहे. त्याच्यासाठी माणसं आठ-आठ, दहा-दहा हजार डॉलर मोजतात, ते घेऊन दिवसभर रानात हिंडतात आणि जमिनीतून सोन्याचे खडे काढतात. त्या खड्याला नगेट म्हणतात. निसर्गातच तयार झालेला, भट्टीचं तोंड न पाहिलेला सोन्याचा तुकडा.

या मशीनबद्दल माझं एक ठाम मत आहे. विंगमध्ये एक सिव्हिलवाला सोडला तर ते कोणालाच पटत नाही, म्हणून इथे मांडतोय. (छापलेलं लोकांना जास्त खरं वाटतं असा अनुभव आहे.) मत असं की सोन्यासाठी डिटेक्टर निवडताना आधी माती बघावी, मग तिथे सापडणाऱ्या खड्याचा आकार बघावा, मग स्वतःचा दंड आणि कंबर बघावी. मशीनचं ब्रोशर सगळ्यात शेवटी उघडावं. आपले लोक नेमकं उलट करतात. आधी किंमत, मग "किती फूट खोल जातं?", मग स्क्रीनवर किती मोड आहेत, आणि माती? मातीचं काय, माती ती मातीच!

विषय निघाला माझ्या मावसभावामुळे. दादा मेलबर्नला असतो. तिथून गाडीने दोन-अडीच तासांवर बेंडिगो, डनॉली, मोलियागुल, मेरीबरो, वेडरबर्न ही गावं लागतात. हाच व्हिक्टोरिया राज्यातला "गोल्डन ट्रँगल". १८५० च्या दशकात इथे सोन्यासाठी जगभरातून झुंबड उडाली होती. १८६९ मध्ये मोलियागुलला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना "वेलकम स्ट्रेंजर" नावाचा गड्डा मिळाला, त्यातून ७० किलोपेक्षा जास्त सोनं निघालं. तो जमिनीखाली जेमतेम बोटभर होता. एवढा मोठा गड्डा तोलायला गावात तराजू नव्हता, म्हणून डनॉलीला ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे करावे लागले. असल्या गोष्टी ऐकल्यावर दादाने वहिनीला न सांगता आठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर बाजूला काढले आणि मला फोन केला. "तू ई अँड टीसीचा ना? मग कोणता घेऊ सांग."

विंगमध्ये चर्चासत्र झालं. मेकॅनिकलचे म्हणाले सगळ्यात महागडा घे, महाग म्हणजे चांगला. कॉम्प्युटरचे म्हणाले ज्यात जास्त मोड आणि मोठा डिस्प्ले आहे तो. फक्त सिव्हिलवाल्याने विचारलं, "तिथली माती कसली आहे रे?" त्या दिवसापासून सिव्हिलबद्दलचा माझा आदर वाढला आहे.

मातीवर मी एवढा का अडलोय ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळीबार झाला. एक गोळी शरीरात राहिली आणि ती कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं "इंडक्शन बॅलन्स" नावाचं यंत्र घेऊन आला. दोन कॉइल अशा जुळवायच्या की धातू जवळ नसताना आवाज शून्य, धातू आला की तोल बिघडून आवाज. आजच्या डिटेक्टरचा हा पणजोबा. यंत्र बरं होतं, पण गोळी काही सापडली नाही. एक कारण असं सांगतात की पेशंट ज्या गादीवर होता तिच्यात धातूच्या स्प्रिंगा होत्या, त्याच बोलत राहिल्या. दुसरं म्हणजे मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, त्यामुळे शोध उजवीकडेच झाला. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. मला हा प्रसंग फार आवडतो (म्हणजे राष्ट्राध्यक्ष गेले ते नव्हे), कारण आजही सोनं शोधणारे याच दोन ठिकाणी फसतात. गादीच्या स्प्रिंगा म्हणजे जमिनीतलं लोह, आणि उजवी-डावी बाजू म्हणजे चुकीची जागा. या दोन्हींवर पैसे खर्चून उपाय होतोच असं नाही.

आता सर्किटकडे येऊ. डिटेक्टर दोन मुख्य जातींचे. पहिली व्हीएलएफ. एक कॉइल सतत साइन वेव्ह सोडते, जमिनीतल्या धातूत एडी करंट फिरतात, त्यांचं चुंबकीय क्षेत्र दुसरी कॉइल पकडते. परत आलेल्या सिग्नलची फेज किती सरकली यावरून धातूचा अंदाज बांधायचा. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकं बारीक सोनं दिसतं. म्हणूनच फिशर कंपनीचा "गोल्ड बग २" ७१ किलोहर्ट्झवर चालतो आणि मायनलॅबचा "गोल्ड मॉन्स्टर १०००" ४५ किलोहर्ट्झवर. तांदळाच्या कणीएवढं सोनं ही मशीनं वरच्या थरातून उचलतात, वजनाला हलकी असतात आणि महागड्यांच्या मानाने स्वस्तही.

पण माती गप्प बसत नाही. व्हिक्टोरियाची ती लाल जमीन लोहाच्या ऑक्साइडने भरलेली आहे. त्यात मॅग्नेटाइट असतं, मॅगहेमाइट असतं, शिवाय लोहाचे गोल गोल खडे. व्हीएलएफला ही सगळी मंडळी मोठमोठ्याने हाका मारतात आणि त्या गलक्यात सोन्याची कुजबुज ऐकू येत नाही. मग सेन्सिटिव्हिटी खाली आणावी लागते आणि ब्रोशरमधली खोली ब्रोशरमध्येच राहते, कारण ती बहुतेक हवेत मोजलेली असते. हवेत नाणं धरून केलेल्या टेस्टला माझ्या मते मेसच्या बोर्डावर खडूने लिहिलेल्या "आज: पनीर" एवढाच अर्थ आहे.

हे पटत नसेल तर पटवायची सोय आपल्या कॅम्पसमध्येच आहे. आपलं कॉलेज कोकणात, म्हणजे पायाखाली जांभा. गेल्या वर्षीच्या एक्झिबिशनमधलं ते बीएफओ मॉडेल मी हॉस्टेलमागच्या जांभ्याच्या कंपाउंडला टेकवलं. जवळजवळ नाणं आल्यासारखाच आवाज बदलला. कंपाउंडमध्ये सोनं घातलेलं नाही याची चौकशी केली, बिल बघता शंका आली होती इतकंच. जांभ्यातल्या लोहाने ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी सरकवली, दुसरं काही नाही. घाटावरच्यांनी हसू नये, बेसॉल्टच्या काळ्या मातीतही मॅग्नेटाइट भरपूर असतं.

दुसरी जात पल्स इंडक्शन, थोडक्यात पीआय. इथे साइन वेव्ह नाही. कॉइलमध्ये करंट भरायचा आणि तो एकदम तोडायचा. इंडक्टरचा करंट एकदम तोडला की काय होतं हे फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये सगळ्यांनी लिहिलेलं आहे. कॉइलवर शेकडो व्होल्टचा फटका उठतो आणि विझतो. त्या क्षणी जमिनीतल्या धातूत एडी करंट जागे होतात आणि हळूहळू मरतात. काही मायक्रोसेकंद थांबून, कॉइल शांत झाल्यावर रिसीव्हर उघडायचा आणि उरलेला प्रतिध्वनी ऐकायचा. यातली गंमत अशी की साध्या मॅग्नेटाइटचा आवाज ट्रान्समिटर बंद होताच बंद होतो. तो मागे रेंगाळतच नाही, म्हणून पीआयला तो ऐकूही येत नाही. निम्मं भांडण इथेच मिटतं.

उरलेलं निम्मं म्हणजे मॅगहेमाइट. वणव्यांच्या उष्णतेने लोहाच्या संयुगांपासून ते तयार होतं, आणि ऑस्ट्रेलियात वणव्यांना तोटा नाही. त्याचे अतिसूक्ष्म कण आपलं चुंबकत्व लगेच विसरत नाहीत. पल्स बंद झाल्यावरही त्यांचा आवाज येत राहतो, पण तो वेगळ्या चालीने उतरतो. मातीचा सिग्नल साधारण १ भागिले टी या प्रमाणात उतरतो आणि धातूचा एक्स्पोनेन्शियल. दोन वेगवेगळ्या वेळी सॅम्पल घ्यायची, मातीचं गणित ज्या प्रमाणात शून्य होईल त्या प्रमाणात एकातून दुसरं वजा करायचं, आणि उरेल तो धातू. आपण सिग्नल्स अँड सिस्टिम्सच्या पेपरात "एनी फाइव्ह" म्हणून जे ऑप्शनला टाकतो त्याच्यावर अॅडलेडच्या मायनलॅब कंपनीने, म्हणजे मुख्यतः ब्रूस कँडी या संशोधकाने, आख्खा धंदा उभा केला. त्यांचा "एसडी २०००" १९९५ च्या सुमारास आला आणि जुन्या खाणकामगारांनी आणि व्हीएलएफवाल्यांनी पिंजून काढलेल्या जागा पुन्हा सोनं द्यायला लागल्या. सोनं तिथेच होतं, मातीला गप्प करता येत नव्हतं. माझ्या मताचा सगळा आधार हाच.

मग काय, पीआय घ्या आणि मोकळे व्हा? तसंही नाही. पीआयला आंधळी जागा आहे आणि ती आपल्याला कागदावर काढता येते. सोन्याचा गोळा धरा. त्यातले एडी करंट ज्या टाइम कॉन्स्टंटने मरतात तो टाऊ म्हणजे कंडक्टिव्हिटी गुणिले म्यू-नॉट गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले पायचा वर्ग. शुद्ध सोन्याची कंडक्टिव्हिटी मीटरला ४.१ कोटी सीमेन्स घ्या. एक ग्रॅम सोन्याच्या गोळ्याची त्रिज्या २.३ मिलिमीटर येते आणि टाऊ सुमारे २८ मायक्रोसेकंद. दोन मिलिमीटर व्यासाचा बारका मणी घेतला, वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी, तर टाऊ फक्त ५ मायक्रोसेकंद. आता मशीन १० मायक्रोसेकंद थांबून कान उघडत असेल, तर ग्रॅमभराच्या गोळ्याचा ७० टक्के आवाज शिल्लक असेल आणि बारक्या मण्याचा जेमतेम १५ टक्के. मण्याचा आवाज मुळातच किती छोटा! आणि हे झालं शुद्ध, भरीव, गोल सोन्याचं. खऱ्या खड्यात चांदी मिसळलेली असते, तो चपटा असतो, कधी जाळीदार असतो, त्यामुळे टाऊ आणखी खाली येतो. शिवाय माती वजा करताना ज्या खड्याची उतरण मातीसारखी आहे तोही वजा होतो. म्हणून या मशीनवर एकापेक्षा जास्त टायमिंग दिलेली असतात. एका टायमिंगला जे मरतं ते दुसऱ्याला जिवंत राहतं. दुकानदार ज्याला "इतके मोड आहेत साहेब" म्हणून विकतो, त्याचं खरं कारण हे आहे.

म्हणजे निवड कशावर ठरते बघा. माती सौम्य असेल आणि सोनं बारीक असेल तर जास्त फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ. माती लोहाने तापलेली असेल आणि ग्रॅम-अर्धा ग्रॅम किंवा वरचे खडे मिळत असतील तर पीआय. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खारट तळ्यांच्या काठी तिसरंच प्रकरण, तिथे ओलं मीठ स्वतःच विजेचा वाहक बनून बोलायला लागतं. एकच मशीन सगळीकडे राजा असं म्हणणारा माणूस एक तर विक्रेता असतो नाहीतर त्याने नुकतेच पैसे भरलेले असतात.

आता तो लाडका प्रश्न, "किती खोल जातं?" कॉइलच्या आकारापेक्षा बरंच दूर गेल्यावर तिचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. खड्याचा प्रतिसाद परत येताना पुन्हा घनाने. मिळून सहावा घात. याचा अर्थ, एक खडा आज एका फुटावर जेमतेम ऐकू येत असेल तर तोच दोन फुटांवर ऐकायला ६४ पट चांगलं मशीन हवं. ६४ टक्के नव्हे, ६४ पट. दुप्पट पैशांत दुप्पट खोली मिळत नाही, बोटभर मिळाली तरी नशीब. मोठी कॉइल लावली की मोठे खडे थोडे खोलवर मिळतात, पण बारीक हातचे जातात.

हा सहावा घात मी इतका घोटून सांगतोय त्याला कारण आहे. "लाँग रेंज गोल्ड लोकेटर" नावाची खेळणी बाजारात विकली जातात. हातात धरायची मूठ, पुढे फिरती काडी, आणि दावा असा की एक किलोमीटरवरचं सोनं, पाणी, हिरे काहीही दाखवेल. यात कॉइल नाही, बऱ्याचदा बॅटरीसुद्धा नाही. हात किंचित कलला की काडी फिरते. कोणी म्हणेल, मूर्ख लोक फसतात, आपल्याला काय. पण अशाच काडीवाल्या यंत्राला "एडीई ६५१" नाव देऊन जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसाने ते बॉम्ब शोधणारं यंत्र म्हणून इराकला विकलं. बगदादच्या चेकपोस्टवर सैनिक ते धरून उभे राहायचे आणि स्फोटकं भरलेल्या गाड्या पुढे जायच्या. मुळात ती गोल्फचे चेंडू शोधायला म्हणून विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त खेळण्याची आवृत्ती होती. २०१३ मध्ये मॅकॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली. तोवर माणसं मेली ती मेली. खरेदीच्या साखळीत एकाने जरी ते उघडून आत सर्किट कुठे आहे असं विचारलं असतं तरी पुरे होतं. इंजिनिअरिंगला बसलेल्या माणसाने "एक किलोमीटर" ऐकताच मनात सहावा घात काढायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

डिस्क्रिमिनेशनबद्दलही असाच गोड गैरसमज आहे. "लोखंड असेल तर सांगतं, मग सोनं असेल तर का नाही सांगणार?" कारण फेज काय किंवा टाऊ काय, ते धातूच्या नावावर ठरत नाही. कंडक्टिव्हिटी, आकार, जाडी सगळं एकत्र होऊन एक आकडा येतो. सोन्याची कंडक्टिव्हिटी तांब्याच्या खाली आणि अॅल्युमिनियमच्या जरा वर. त्यामुळे छोटा खडा आणि चॉकलेटची चांदी यांचा आकडा सारखाच येऊ शकतो. बंदुकीची शिशाची गोळी तर हुबेहूब सोन्यासारखी वाजते. खराब मातीत लोखंड ओळखण्यातही गफलत होते, आणि लोखंड समजून सोडलेला एखादा सिग्नल खोलवरचा खडा निघतो. गोल्डन ट्रँगलमध्ये दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे खिळे, बुटांच्या टाचण्या, डबे, काडतुसं पसरलेली आहेत. तिथले जाणते लोक म्हणतात ते खरं, सगळं खणा. हे मशीन म्हणजे मुख्यतः खिळे शोधायचं मशीन आहे आणि मधूनमधून सोनं देतं, अशा बेताने घेतलं तर मनस्ताप होत नाही.

इथे माझा रूममेट दोन उदाहरणं तोंडावर फेकतो. पहिलं, १९८० मध्ये किंगोवरला केविन हिलियरने "हँड ऑफ फेथ" हा २७ किलोचा गड्डा गॅरेट कंपनीच्या त्या काळातल्या डिटेक्टरने शोधला. जमिनीत फूटभर खाली होता. लास व्हेगासच्या एका कॅसिनोने तो दहा लाख डॉलरहून जास्त मोजून घेतला. दुसरं, २०२३ मध्ये व्हिक्टोरियातल्या एका हौशी माणसाने साधारण बाराशे डॉलरच्या "इक्विनॉक्स ८००" वर ४.६ किलोचा दगड काढला, आत २.६ किलो सोनं. रूममेटचं म्हणणं, मग आठ हजार कशाला? उदाहरणं खरी आहेत. पण अडीच किलो सोनं कशावरही वाजेल, आमच्या मिनी प्रोजेक्टवरही कदाचित. प्रश्न रोजच्या अर्ध्या ग्रॅमचा आहे. लॉटरी लागलेल्याने कुठल्या टपरीवरून तिकीट घेतलं ते बघून टपरी निवडायची नसते.

मात्र रूममेटच्या बाजूचा एक मुद्दा मी मान्य करतो, महागडं म्हणजे दादासाठी बरोबर असं नाही. मायनलॅबचा "जीपीझेड ७०००" २०१५ मध्ये आला, दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात, वजन सव्वातीन किलोच्या वर. सव्वातीन किलो म्हणजे काय, दोन पुस्तकं आणि डबा, असं वाटतं. ते एका हातात पुढे धरून दिवसभर डावीकडून उजवीकडे झुलवत, कॉइल जमिनीपासून बोटभर अंतरावर समांतर ठेवून चालून बघा. दुपारनंतर हात वर यायला लागतो आणि हात वर आला की पुन्हा तोच सहावा घात. २०२१ चा "जीपीएक्स ६०००" दोन किलोच्या थोडा वर आहे आणि बारीक सोनंही चांगलं ऐकतो, पण दादाचे आठही हजार तोच खाणार. मग खणायची कुदळ, हेडफोन आणि पेट्रोल कशातून?

हेडफोन ही चैन नाही, बरं का. ही मशीनं मंद, एकसुरी गुणगुणत असतात, तंबोऱ्यासारखी. खोलवरचा खडा पिं करत नाही, तो फक्त त्या सुराला किंचित हलवतो. तो हेलकावा ओळखायला कान तयार व्हावा लागतो आणि त्याला महिने लागतात. आठ हजारांच्या मशीनबरोबर तयार कान येत नाही.

म्हणून दादाला मी सांगितलं ते असं. गोल्डफिल्डच्या गावांत डिटेक्टर भाड्याने मिळतात. एक शनिवार-रविवार पीआय भाड्याने घे, त्याच मातीत चाल, दंड काय म्हणतो बघ. पुढच्या खेपेला व्हीएलएफ. मग आठवड्याला खरंच जाणार असशील तर आदल्या पिढीतलं, वापरलेलं पण नीट ठेवलेलं पीआय घे, ११ इंची कॉइलसकट. ते नवीन बारक्या सोन्याला थोडं कमी पडेल, पण लाल मातीत शांत राहील आणि कंटाळा आला तर बऱ्या किमतीला विकलं जाईल. आधीच्या मालकाची पावती मागायची आणि सीरियल नंबर कंपनीकडून पडताळून घ्यायचा, कारण "जीपीएक्स ५०००" सारख्या मॉडेलच्या नकला मोठ्या प्रमाणात विकल्या गेल्या आहेत. बाहेरून डिट्टो, आत मातीचं गणितच नीट नाही. आफ्रिकेत ज्यांचं पोट या मशीनवर आहे अशा लोकांच्या गळ्यातही असला माल पडला. दादाचा छंद बुडेल, त्यांचं घर बुडतं.

आणि हो, व्हिक्टोरियात "माइनर्स राइट" नावाचा परवाना लागतो. स्वस्त आहे, दहा वर्षं चालतो आणि त्यावर सापडलेलं सोनं तुमचंच. राष्ट्रीय उद्यानं बहुतेक वर्ज्य, खाजगी जमिनीत मालकाची परवानगी, खणलेला खड्डा बुजवायचा. दादा म्हणाला, "अरे, एवढं सोपं? मग आपल्याकडे का नाही?"

आपल्याकडे खनिजं शोधायला १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याखाली परवाना लागतो, आणि असा हौशी परवाना त्यात नाही. पुरलेलं धन सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी सोनं कुठे आहे ते बघा. कोलारचं सोनं कठीण खडकात होतं, खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. झारखंडात सुवर्णरेखेच्या वाळूत लोक आजही लाकडी पाटीत वाळू धुऊन सोन्याचे कण काढतात. तो कण पाव मिलिमीटरचा धरला तर टाऊ मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही येत नाही. जगातलं कुठलंही पीआय त्याला ऐकू शकत नाही. सराफ कट्ट्यावरची धूळ गोळा करणाऱ्या झारेकऱ्याचंही तेच. त्याचं काम झाडू, पाटी आणि पाणी यांवरच चालतं.

टाऊचं गणित खोटं वाटत असेल त्यांच्यासाठी: आमचं पीआय सर्किट सध्या ब्रेडबोर्डवर आहे आणि अंगठी व नाणं यांची वेगवेगळी उतरण सीआरओवर स्पष्ट दिसते. सबमिशन संपल्यावर संध्याकाळी पाचनंतर लॅबमध्ये या. अंगठी स्वतःची आणा, नऊ व्होल्टचे सेलही.